परदेशी सल्लागार कसे व्हावे

पदवी हाती पडायला अजून वर्ष आहे. मेसचे बिल या महिन्यात कोणी भरायचे यावर खोलीतल्या तिघांचे एकमत होत नाही, आणि अशा वयात तुम्हाला लंडनमध्ये बसून शंभर वर्षे जुन्या कंपन्यांना धंदा शिकवायचा आहे. संकोच करू नका, परंपरा तुमच्या बाजूने आहे. 1926 मध्ये मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी काढणारे गृहस्थ शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे 1950 च्या दशकात तिथल्याच मार्व्हिन बोवर यांनी मुरलेल्या माणसांऐवजी हार्वर्डमधून नुकतीच बाहेर पडलेली मुले भरती करायला सुरुवात केली आणि कंपनी बुडण्याऐवजी फोफावली. म्हणजे अनुभव हा या दुकानातला माल नव्हेच. माल आहे खात्री. एवढे ध्यानात ठेवले की अर्जाची प्रत्येक पायरी सोपी होते. न ठेवल्यास तुम्ही नुसती हुशारी दाखवत बसाल, आणि हुशार तर रांगेतले सगळेच असतात.

सुरुवात बायोडेटापासून. तो एका पानाचा हवा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीत आकडा हवा. ‘गणेशोत्सव मंडळाची वर्गणी गोळा केली’ हे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी आहे. ‘40 स्वयंसेवकांचे नेतृत्व करून निधीसंकलनात 32 टक्के वाढ साधली’ असे लिहा. 30 लिहिले तर अंदाज वाटतो, 32 लिहिले की कोणीतरी बसून मोजल्यासारखे वाटते. ही लबाडी नाही का, असे विचारणारे सज्जन प्रत्येक वर्गात असतात. त्यांना उत्तर असे, की आकडा खराच लिहावा, कारण पुढे तपासणी होते. मात्र आदल्या वर्षी पावसाने मांडव वाहून गेल्यामुळे वर्गणीच जमली नव्हती, हे सांगण्याचे बंधन कोणत्याही अर्जात नाही. जर्मनीला अर्ज करणाऱ्यांना ही दशांशांची गोडी आयतीच मिळते. तिथली विद्यापीठे परदेशी गुण ‘सुधारित बव्हेरियन सूत्रा’ने बदलून घेतात. 40 ला उत्तीर्ण होणाऱ्या परीक्षेतले 75 टक्के त्यात 2.25 होतात, आणि तिथे आकडा जितका लहान तितका विद्यार्थी मोठा. चार वर्षांच्या जागरणांचे मोल दोन दशांशांपर्यंत अचूक ठरते. याहून जास्त खात्री कोणाला हवी?

यावर पहिला गंभीर आक्षेप येतो तो असा: या कंपन्या वेड्या नाहीत, त्या गुणवत्ताच पारखतात. पारखतात, पण आणखीही काही पारखतात. समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी अमेरिकेतल्या बड्या बँका, वकिली आणि सल्लागार कंपन्यांमध्ये भरती करणाऱ्या 120 जणांच्या मुलाखती घेतल्या. 2015 मध्ये त्यावर त्यांचे पुस्तक आले. मुलाखत घेणारे उमेदवारात अनेकदा स्वतःसारखाच माणूस शोधतात, आणि त्यात फावल्या वेळचे छंद व खेळ यांना भलतेच वजन असते, असे त्यांना दिसले. तेव्हा ‘मला वाचन आवडते’ ही ओळ आजच खोडा. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेसाठी महिनाभर तालीम केली असेल तर ते जरूर लिहा, पण समोरच्याला फिरोदिया करंडकापासून त्याचा फरक समजावत बसू नका. खो-खो राज्य पातळीवर खेळलात? उत्तम. फक्त समोरच्याने शाळेत स्क्वॉश खेळले आहे आणि त्याला खो-खोमध्ये रॅकेट कुठे असते असा प्रश्न पडणार आहे, हे गृहीत धरून चाला.

मग येते ‘केस’, म्हणजे मुलाखतीत घातलेले कोडे. तुम्हाला विचारतील, ‘लंडनमध्ये वर्षाला किती छत्र्या विकल्या जातात?’ ‘माहीत नाही’ हे याचे एकमेव प्रामाणिक उत्तर आहे आणि ते देणाऱ्याला दार दाखवले जाते. तुम्ही दहा सेकंद मागा, कागद आडवा करा आणि मोठ्याने विचार करा: लोकसंख्या सुमारे 90 लाख, माणशी दोन वर्षांत एक छत्री, म्हणजे 45 लाख. पर्यटक वेगळे धरा. मॅकिन्झीतल्या बार्बरा मिंटो यांनी रूढ केलेला ‘मीसी’ नियम इथे पाळायचा. प्रश्नाचे तुकडे एकमेकांत मिसळता कामा नयेत आणि एकही तुकडा सुटता कामा नये. खरा आकडा समोरच्यालाही माहीत नसतो. तो फक्त तुम्ही चुकीच्या उत्तराकडे किती शिस्तीने जाता ते बघतो. शिस्तीला महत्त्व आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शिस्त म्हणजे अचूकता नव्हे. 1980 च्या दशकात एटी अँड टी या अमेरिकन दूरसंचार कंपनीने मॅकिन्झीला मोबाइलच्या भवितव्याविषयी विचारले, तेव्हा सन 2000 पर्यंत बाजार साधारण 9 लाख ग्राहकांचा असेल असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात एकट्या अमेरिकेत तोवर 10 कोटींहून जास्त ग्राहक झाले होते. दरम्यान 1994 मध्ये एटी अँड टीला मॅककॉ सेल्युलर ही कंपनी अब्जावधी डॉलर मोजून विकत घ्यावी लागली.

मग ग्राहक पुन्हा पुन्हा पैसे का मोजतात? कारण तोही खात्रीच विकत घेतो. कामगारकपात करायची हे संचालकांनी बहुधा आधीच ठरवलेले असते. बाहेरच्या माणसाने ते रंगीत तक्त्यात सांगितले की दोष विभागला जातो. एआय आता हे काम करील आणि तुमची गरज उरणार नाही, या भीतीचे उत्तरही इथेच आहे. 2025 मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीने ऑस्ट्रेलियन सरकारला दिलेल्या सुमारे 4 लाख 40 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ सापडले. तो करताना एआय वापरल्याचे कंपनीने नंतर मान्य केले आणि पैशांचा काही भाग परत दिला. न कळता ठामपणे बोलण्याची कला यंत्राला चांगलीच साधली आहे, यात वाद नाही. पण पैसे परत करताना मान खाली घालायला अजून माणूसच लागतो. त्या जागेसाठी तुमचा अर्ज आहे.

आता अर्जातला एकच रकाना उरतो, आणि तिथे यातली कोणतीही युक्ती चालत नाही. ‘भविष्यात व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल का?’ अमेरिकेत कंपन्यांसाठी नव्या एच-वन-बी व्हिसांची मर्यादा वर्षाला 85 हजार आहे. इच्छुक जास्त झाले की सोडत निघते, आणि सप्टेंबर 2025 च्या आदेशाने बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जावर 1 लाख डॉलरचा बोजा टाकला. ब्रिटनमध्ये कुशल कामगारासाठी सर्वसाधारण पगाराची अट जुलै 2025 पासून 41,700 पौंडांवर गेली. पदवीनंतर तिथे राहून नोकरी शोधायची मुदत दोन वर्षांची होती, ती जानेवारी 2027 पासून येणाऱ्या अर्जांना दीडच वर्ष मिळेल. या सगळ्याला फ्रेमवर्क नाही. छत्र्यांचा हिशेब बिनचूक मांडला म्हणून सोडतीच्या डब्यातली चिठ्ठी जाड होत नाही. ‘नाही’ लिहिलेत तर पुढे पकडले जाल. ‘हो’ लिहिलेत तर काही कंपन्यांच्या संगणकातून तिथल्या तिथे बाहेर पडाल, आणि ज्या उरतील त्यांच्याकडेच खरे तर अर्ज करायचा होता. तेव्हा ‘हो’वर खूण करा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा: ‘अनिश्चित परिस्थितीत तुम्ही ठाम निर्णय घेतल्याचे एक उदाहरण द्या. शब्दमर्यादा 250.’