टायमरवाले बाब

डिचोली असो वा पेडणे, ज्या घरात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि नवा लॅपटॉप एकाच टेबलावर असतात, तिथे हे बाब हमखास सापडतात. घरात कोंकणी बोलतात, पेपर मराठी वाचतात आणि काम मिनिटांत मोजून करतात. म्हणजे करणार आहेत. पद्धत तेवढी ठरायची आहे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा किचनमधला टायमर लावला. २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं विश्रांती. चवथीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे ऐकावं लागतं. “आमची घटिका २४ मिनिटांची,” आजी म्हणते, “त्याने एक मिनिट जास्त काम केलं, बरं केलं.” मग बाब डेस्कटाइम कंपनीने २०१४मध्ये मांडलेल्या ५२ मिनिटं काम, १७ मिनिटं आराम या पंथात जातात. तिथून ९० मिनिटांच्या. पण सकाळी वाडगाभर पेज पिऊन ९० मिनिटं एका जागी बसणं अवघडच.

म्हणून पुन्हा पंचवीसवर. टायमर लागतो आणि दारात पोदेराचा भोंपू वाजतो. “पाव घे रे!” आतून आई. मध्येच मोडलेला डाव पद्धतीत धरत नाहीत, त्यामुळे पुन्हा शून्यापासून. तेवढ्यात नुस्तेंवाली येते. बांगडा ताजा आहे की नाही, हा काही पाच मिनिटांत सुटणारा प्रश्न नव्हे.

एक वाजता बाजार शटर ओढतो. गोव्यातल्या २०२२च्या निवडणुकीआधी पक्षनेते विजय सरदेसाईंनी दुपारी दोन ते चार सक्तीच्या विश्रांतीचं आश्वासन दिलं होतं. त्यांचं सरकार आलं नाही. पण गोंयकार झोपायला सरकारची वाट बघत नाही. चार डाव झाले की मोठी विश्रांती, असा चिरिल्लोचा नियम. बाब ती आगाऊ घेतात.

वडील ट्रकवाले. २०१२मध्ये खाणी बंद पडेपर्यंत त्यांचा दिवस खाण ते जेटी अशा ट्रिपांत मोजला जायचा. संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत ते विचारतात, “आज किती ट्रिपा झाल्या रे?”

बाब मोबाइल पुढे करतात. विश्रांतीचा रकाना हिरवागार. कामाचा रकाना उघडत नाही. अ‍ॅपची फुकट मुदत संपली आहे. पुढच्या वर्षाचे पैसे वडिलांनी भरायचे आहेत.