बाक, नीट धरा!

दुचाकीवर मागे बसायचं माझं वय १९८५ साली संपलं. त्यानंतर जे कोणी बसले ते माझ्या मागे बसले. बायको बसली, दोन्ही मुलं बसली, गॅसचं सिलिंडर बसलं आणि दर भाद्रपदात मांडीवर गणपती घेऊन मेहुणा बसला. त्यामुळे हो चि मिन्ह सिटीत हॉटेलच्या दारात तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी स्कूटर घेऊन उभी राहिली आणि मागच्या सीटवर थोपटून तिनं मला खुणावलं, तेव्हा मी सवयीनं किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली मिळाली नाही. हेल्मेट मिळालं.

आता पुणेकराच्या हातात हेल्मेट देणं म्हणजे काय, हे त्या पोरीला कुठून कळणार? हेल्मेटसक्तीच्या विरोधात मी चहाच्या टपरीवर तीस वर्षं बोलत आलोय. मानेचे मणके, कानावर न येणारे हॉर्न आणि केसांची हानी (केस होते तेव्हापासून) हे माझे मुद्दे तयार असतात. तिनं ते ऐकून घेतले आणि एवढंच सांगितलं की त्यांच्याकडे १५ डिसेंबर २००७ पासून हेल्मेट सक्तीचं झालं. ती तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. आदल्या दिवशी सगळं शहर उघड्या डोक्यानं हिंडत होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर हेल्मेटच हेल्मेट. ‘मोर्चा?’ मी विचारलं. तिला प्रश्न कळला नाही.

‘घाल की रे मुकाट्यानं,’ शेजारच्या स्कूटरवरून आत्या म्हणाली.

आत्याचं सांगायचं राहिलं. वय ७२, टपाल खात्यातून निवृत्त. खरं तर बायको येणार होती, पण तिनं गुडघा पुढे केला आणि आत्यानं पासपोर्ट. सायगॉनला ती सुरुवातीपासून ‘सायगाव’ म्हणते, सातारा जिल्ह्यात असावं तसं. शहराचं नाव १९७६ साली बदललं हे मी तिला दोनदा सांगितलं, पण इथले लोकही अजून सायगॉनच म्हणतात हे लक्षात आल्यावर तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

निघण्याआधी मुलीनं वय विचारलं. आमच्या इन्शुरन्ससाठी असेल असं मला वाटलं. पण तिची अडचण व्याकरणाची होती. त्यांच्या भाषेत समोरच्याला नुसतं ‘तुम्ही’ म्हणून भागत नाही. दादा, ताई, काका, आजी असं नातं ठरलं की मगच वाक्य सुरू होतं. ‘माझे बाबा ५१ वर्षांचे,’ ती म्हणाली. मी ५४ सांगितले. म्हणजे मी बापापेक्षा मोठा, थोरला काका. त्यांच्या शब्दात ‘बाक’. मला ‘आन्ह’ म्हणजे दादा झालेलं चाललं असतं. पण एकदा बाक म्हटल्यावर शाळेतल्या बाकासारखं जड होऊन बसणं आलं. आत्या झाली ‘बा’, म्हणजे आजी. आणि पोर स्वतःला म्हणवून घेणार ‘कॉन’, म्हणजे लेकरू.

‘आपल्यासारखंच आहे,’ आत्या खूश झाली. ‘आपण नाही का रिक्षावाल्याला आधी दादा म्हणतो आणि मग भांडतो?’

माझं समाधान करायला मुलीनं पाकिटातून नोट काढून दाखवली. नोटेवर हो चि मिन्ह. सगळ्या मोठ्या नोटांवर तेच. त्यांनाही सारा देश ‘बाक हो’ म्हणतो. हुद्दा एकच म्हटल्यावर मला बरं वाटलं. तसं त्या नोटा हातात आल्यापासून बरंच वाटत होतं म्हणा. एका रुपयाला सुमारे तीनशे डाँग मिळतात. आयुष्यात पहिल्यांदा मी खिशात वीस लाख घेऊन नाश्त्याला गेलो होतो.

आता बसलो. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न आला. भाड्याच्या मोटरसायकलला इथे ‘से ओम’ म्हणतात. ‘से’ म्हणजे गाडी आणि ‘ओम’ म्हणजे मिठी. मिठी मारायची गाडी! आत्यानं हे ऐकून दोनदा ओम म्हटलं आणि आपल्या सारथी मुलीला खरोखरच मिठी मारली. मी मागची लोखंडी कडी धरली. पहिल्या चौकापर्यंत.

इथलं वाहन उजव्या बाजूनं चालतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं. माझ्या शरीराला ते कुणी कळवलं नव्हतं. ती डावीकडे वळली की मी उजवीकडे झुकायचो, आणि समोरून पाचपन्नास स्कूटर आल्या की जागेवरच ब्रेक दाबायचो. ब्रेक म्हणजे तिच्या गाडीचं पायदान. या शहरात सत्तर लाखांहून जास्त दुचाक्या आहेत. त्यातल्या निम्म्या तरी त्या दुपारी आमच्या चौकात आल्या असाव्यात. चारी बाजूंनी आल्या, एकमेकींत शिरल्या आणि पलीकडे निघून गेल्या. कुणी थांबलं नाही, कुणी कचकन ब्रेक मारला नाही, आणि ज्यानं माझा सगळ्यात जास्त अपेक्षाभंग झाला ते म्हणजे कुणी कुणाला शिवी दिली नाही. आपल्याकडे चौकात माणूस हक्कानं शिरतो. इथे माणूस पाण्यासारखा शिरतो. वेग ताशी वीस-पंचवीसचा, हॉर्न ‘मी आहे बरं का’ एवढंच सांगणारा. आदल्या संध्याकाळी मी पायी रस्ता ओलांडायला वीस मिनिटं उभा होतो. शेवटी भाजीची टोपली घेतलेल्या एका आजींनी माझं कोपर धरलं आणि मला पलीकडे नेऊन ठेवलं. धावायचं नाही, थांबायचं नाही, मागे तर मुळीच यायचं नाही. हळूहळू चालत राहायचं, गाड्या आपापल्या वळून जातात. हे तीन नियम मला माझ्या पंचावन्नाव्या वर्षी एका भाजीवालीकडून कळले.

सिग्नल मात्र पाळतात. पूर्वी इतके पाळत नव्हते म्हणे. १ जानेवारी २०२५ पासून लाल दिवा तोडणाऱ्या दुचाकीला ४० ते ६० लाख डाँग दंड झाला, म्हणजे तेरा ते वीस हजार रुपये. फूटपाथवर गाडी घातली तरी तेवढाच. मी हिशेब केला. डेक्कनवरून घरी जाताना मी जेवढे फूटपाथ वापरतो, त्यात माझा फ्लॅट गेला असता.

एका सिग्नलला शेजारी एक मोटरसायकल येऊन थांबली. मागे बसलेल्या माणसानं कपाटाचा पुरुषभर आरसा दोन्ही हातांनी कवटाळला होता. त्या आरशात मला एक गृहस्थ दिसले. डोक्यावर गुलाबी हेल्मेट, डोळे गच्च मिटण्याच्या बेतात आणि दोन्ही हात एका पोरीच्या जॅकेटला. कडी कधी सुटली ते आठवत नाही. सिग्नलवर मोजणीचे आकडे होते, त्यामुळे ते गृहस्थ मला पूर्ण ४३ सेकंद पाहावे लागले.

आरसा हे काहीच नाही. फ्रीज, पिशव्यांमध्ये पोहणारे मासे, आठ-दहा फुटी पाइप, असं सगळं दुचाकीवरून जातं. दक्षिणेत कुठल्याही मोटरसायकलला ‘होंडा’ म्हणायची रीत आहे, आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तशी. आणि बायका! टोपी, मास्क, गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, पायापर्यंत गुंडाळलेला कपडा. उन्हानं रंग बिघडू नये म्हणून हा बंदोबस्त. लोक त्यांना ‘निंजा’ म्हणतात. इथे मात्र माझी मान ताठ झाली. ‘आमच्याकडे हे फार आधीपासून आहे,’ मी सांगितलं, ‘फक्त एका स्कार्फमध्ये भागवतात.’

पहिला मुक्काम पोस्ट ऑफिस. समोरच्या कॅथेड्रलच्या विटा फ्रान्समधल्या मार्सेलहून आणल्या होत्या, पण त्याची दुरुस्ती २०१७ पासून चाललीय आणि चर्चपेक्षा परांचीच जास्त दिसते, तेव्हा ते आम्ही दोन मिनिटांत उरकलं. पोस्टाला मात्र दोन मिनिटं पुरणार नव्हती, कारण आत्या आत शिरली होती. १८९१ साली पुरी झालेली ही इमारत. आयफेल टॉवरवाल्या आयफेलनं बांधली असं कुणीही ठोकून देतं, पण ती फुलू नावाच्या वास्तुरचनाकाराची आहे. आत रेल्वे स्टेशनासारखं कमानदार छत, भिंतींवर रंगवलेले जुने नकाशे, टेलिफोनच्या लाकडी खोल्या आणि टोकाला बाक हो यांची भलीमोठी तसबीर. लोक तसबिरीचे फोटो घेत होते. आत्या काउंटर बघत होती. ‘डिंकाची वाटी जागेवर आहे,’ ती म्हणाली. तिच्या खात्यात यापेक्षा मोठी पदवी नाही. अनेक वर्षं इथे एक वृद्ध गृहस्थ लोकांची पत्रं लिहून आणि भाषांतर करून देत असत, हे मुलीनं सांगितल्यावर आत्या त्या रिकाम्या बाकड्यापाशी जरा उभी राहिली. मग तिनं एक पोस्टकार्ड घेतलं, मला पाठ करून काहीतरी खरडलं, तिकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. कुणाला, ते सांगितलं नाही.

पुढे मारियम्मन देवीचं देऊळ. तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं, बेन थान्ह बाजारापासून जवळच. पण आत दहातले नऊ भक्त व्हिएतनामी. गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून ते हळू आवाजात आपली गाऱ्हाणी सांगत होते. आत्यानंही टेकवलं. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, ‘मराठीत बोलले. बाईंना तमिळ येतं, व्हिएतनामी येतं, मराठी न यायला काय झालं?’

नंतर एका गर्दीच्या चौकात दोघींनी न सांगता गाड्या कडेला घेतल्या. तिथे ज्वाळांमध्ये ध्यानस्थ बसलेल्या भिक्षूचा ब्राँझचा पुतळा आहे. ११ जून १९६३ रोजी याच चौकात थिक क्वांग डुक यांनी बौद्धांवरच्या अन्यायाच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतलं होतं. ते छायाचित्र जगभर गेलं. आमच्याशी दुपारपासून अखंड बोलणारी पोर हेल्मेट काढून उभी राहिली. मीही काढलं. पाठीमागून स्कूटर वाहत होत्या.

पाऊस चारला आला. ढग आले, वारा सुटला असली प्रस्तावना नाही, वरून बादली उपडी केली. आणि त्याच क्षणी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या कडेला लागल्या, सीटखालून रेनकोट निघाले आणि मिनिटभरात गाड्या पुन्हा सुरू. माझ्या वाट्याला जे आलं त्याला रेनकोट म्हणायला जीभ धजत नाही. एकच भलामोठा प्लास्टिकचा तंबू, त्याला डोक्यासाठी दोन भोकं. पुढचं चालवणाऱ्याचं, मागचं बाकचं. पुढे दिव्याचा उजेड पडावा म्हणून पारदर्शक खिडकीही ठेवलेली. ज्यानं हे शोधलं त्याच्या बुद्धीला मी त्याच वेळी दाद दिली असती, पण मला मागचं भोक सापडत नव्हतं. दोन चौक मी आत अंधारात काढले. सगळं शहर मी तिथे कानांनी पाहिलं. तिसऱ्या चौकात डोकं बाहेर आलं, तेव्हा शेजारून आत्या चालली होती. तिचं डोकं पहिल्या झटक्यात सापडलेलं. तिनं रेनकोटाच्या आतूनच हात हलवला.

भिजून भूक लागते. आम्ही दोघं शाकाहारी, आणि हा देश माशाच्या सॉसशिवाय पाणी पीत नाही, असं मला बजावण्यात आलं होतं. पण बौद्ध मंडळी दर महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात. त्यांची पंधरावी म्हणजे पौर्णिमा, आणि ती नेमकी त्या दिवशी होती. ‘म्हणजे सायगावचा उपास,’ आत्या म्हणाली. शाकाहारी जेवणाचा तिथला शब्द ‘चाय’. मला आधी सांगायला हवं होतं. आत्यानं गाडीवरून उतरताच मोठ्यानं ‘चाय!’ अशी हाक दिली आणि तिच्यापुढे टोफू भरलेला पाव आला. तिनं मान हलवली, कपबशीची खूण करून पुन्हा ‘चाय, चाय’ म्हटलं. दुसरा पाव आला, वाटीतल्या सूपसह. बाईच्या भक्तीचा त्या दुकानदारीणबाईंवर फार परिणाम झालेला दिसला. तिसऱ्या हाकेला त्यांनी पैसे घ्यायचेही नाकारले.

खरी कमाल शेवटच्या गल्लीतली. काळ्या तव्यावर पिवळं पीठ पसरलं आणि असा काही आवाज झाला की मला एकदम रत्नागिरीतला मामेभावाचा ओटा आठवला. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, आत मोड आलेले मूग आणि अळिंबी. नाव ‘बान्ह सेओ’. सेओ म्हणजे तव्यावर होणारा तो चर्र आवाज. आपण घावनाला घावनच म्हणत बसलो, यांनी आवाजाचंच नाव ठेवलं. कडक झालेला तुकडा मोहरीच्या पानात गुंडाळायचा, पुदिना घालायचा आणि चटणीत बुडवायचा. मी पाच खाल्ले. ‘फो’ नावाच्या नूडल सूपपेक्षा हे बरं. फो हा शब्द खरा ‘फ’ आहे, बाराखडीतलाच, पण कुणाला तरी शंका विचारल्यासारखा म्हणायचा. माझा फ ऐकून एका हॉटेलात मला मीठ आणून दिलं होतं.

रात्री नऊला हॉटेलच्या दारात उतरलो. पाय जमिनीला लागले तरी अंग वळणं घेत होतं. मी टीप म्हणून पाच लाखांची नोट काढली. मुलीनं ती दोन्ही हातांनी घेतली, वाकली आणि म्हणाली, ‘बाक, आता तुम्ही बरोबर झुकता.’ चाळीस वर्षांच्या ड्रायव्हिंगबद्दल मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र आहे, आणि तेही मागे बसण्याबद्दल.

हेल्मेट तिनं परत मागून घेतलं.

पोस्टकार्ड पंचविसाव्या दिवशी सदाशिव पेठेत पोहोचलं. पत्ता आत्याच्या टपाल खात्यातल्या अक्षरात, पिनकोडसह. माझ्या नावाआधी ‘श्री. बाक’ असं लिहिलं होतं. मजकुराच्या जागेत दोन शब्द होते: हेल्मेट घे.