अप्पांनी पाडलेला उजेड

आत्याच्या लग्नाची फिल्म कॉम्प्युटरवर घेण्यासाठी अप्पांकडे दिली तेव्हा तिला नातू नव्हता. आता तो शाळेत जातो. फिल्म सुपर एटची, 50 फुटांचं एकच रीळ. सेकंदाला 18 फ्रेम या वेगाने ते तीन मिनिटं वीस सेकंदांत संपतं.

अप्पा आळशी नाहीत, हे आधी सांगायला हवं. पहाटे उठून सोल्डरिंग करणारा माणूस तो. जुन्या बाजारातून प्रोजेक्टर पैदा केला, मोटर मंद केली, समोर पडद्याऐवजी मॅक्रो लेन्सचा कॅमेरा बसवला. फिल्म एकेक फ्रेम करत उतरू लागली. एवढं काम त्यांनी झपाट्याने उरकलं. मग त्यांचं लक्ष दिव्याकडे गेलं आणि सगळं तिथेच अडलं.

मूळचा दिवा हॅलोजनचा, शंभर वॅटचा. त्याच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, पण फ्रेम गेटमध्ये अडकली की मधोमध फोड येऊन वितळते. म्हणून अप्पांनी पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन पांढरा एलईडी आणला, वर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा लावला. गार, एकसारखा उजेड. चित्र आलं. आम्ही म्हणालो, "वा!" अप्पा म्हणाले, "शालू मेला."

पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावर पिवळा फॉस्फर चढवून तो पांढरा भासवतात. डोळा फसतो. पण निळ्या-हिरव्याच्या मध्ये खड्डा राहतो आणि गडद लालाच्या टोकाला जवळजवळ काळोख. दिव्यातच नसलेला रंग फिल्ममधून पलीकडे येणार कुठून? अप्पांचं म्हणणं अगदी खरं होतं. पंचाईत तीच, चुकणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

मग 95 सीआरआयचा एलईडी आला. आकडा पाहून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, अप्पांनी नाही. सीआरआय ही आठ फिकट रंगांची सरासरी. गडद लाल, म्हणजे 'आर नाइन', त्यात धरतच नाहीत. आत्याचा शालू नेमका तिथे. चांगल्या 'आर नाइन'चा दिवा मिळाला, तर डिमरने घात केला. डिमर दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतो. आपल्याला कळत नाही, कॅमेऱ्यात मात्र पट्टे उमटतात.

"यात नवीन ते काय?" काकू म्हणाल्या. "लक्ष्मी रोडवर आम्ही साडी दुकानाच्या दाराशी नेऊनच बघतो." अप्पांनी हे वहीत टिपलं आणि दुसऱ्या दिवशी मूळ शालूच मागवला.

आत्याच्या मते शालू डाळिंबी, तिच्या यजमानांच्या मते किरमिजी. अप्पांनी आधी ट्यूब बंद करायला लावली, मग शालू गॅलरीत नेला. तिथे हिरव्या जाळीची झाक पडत होती, म्हणून वरात गच्चीवर. उलगडून बघतो तर घडीवर एक रंग, आत दुसरा. फिल्म कोडाक्रोम, अंधारात ठेवलेली. तिचे रंग सहसा टिकून राहतात. तेव्हा शालूपेक्षा फिल्मच जास्त विश्वासाची, असा निकाल लागला. आणि फिल्म बघायची तर दिवा हवा.

सध्या लाल, हिरवा, निळा असे तीन स्वतंत्र एलईडी जुळवणं चालू आहे. निगेटिव्ह किंवा रंग उडालेल्या फिल्मसाठी ही पद्धत उत्तम, कारण फिल्मवरचा एकेक रंगद्रव्याचा थर वेगळा वाचता येतो. आत्याची फिल्म ना निगेटिव्ह, ना उडालेली. मी तसं म्हणालोही. "उद्या कोणी निगेटिव्ह घेऊन आलं तर?" अप्पांनी विचारलं.

मध्यंतरी अप्पा बाहेर गेलेले पाहून भाच्याने जुना हॅलोजन लावला, फिल्म भिंतीवर पाडली, मोबाइलने टिपली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. शालू चॉकलेटी, नवरदेव पिवळे, कडेला पंख्याचं पातं. आत्या रडली, तिने ती अकरा जणांना पाठवली. अप्पांनी ग्रुप सोडला.

त्यांनी मनासारखी केलेली एक फ्रेम मी पाहिली आहे. शालू डाळिंबीच आहे, आणि असं काम पैसे मोजूनही सहज मिळणार नाही. तुमच्याकडे जुनी रिळं असतील तर अप्पांसारख्या माणसाकडे खुशाल द्या. फक्त आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचं ॲसिटेट कुजायला लागलंय असं समजा, आणि ते रीळ आमच्या भाच्याकडे पाठवा.