कपाळमोक्ष

सर्जनला दाखवायला मी फोनमध्ये शालभंजिकेचा फोटो घेऊन गेले होते. इतर जणी म्हणे नट्यांचे फोटो नेतात. पण मी पडले ग्वाल्हेरच्या लश्करची. आमच्याकडे सौंदर्याचा स्थानिक पुरवठा दहाव्या-अकराव्या शतकापासून चालू आहे, मुंबईहून कशाला मागवायचं?

आता शालभंजिकेचा विषय निघालाच आहे तर मला थांबवू नका. ग्यारसपूरहून आलेली ही दगडी बाई आमच्या गूजरी महालातल्या संग्रहालयात जाळीआड, कुलपात असते. हात गेले, पाय गेले, पण ओठांच्या कोपऱ्यात जे काही आहे ते शाबूत. त्यावरून लोक तिला भारताची मोनालिसा म्हणतात, आणि तिथेच माझं डोकं फिरतं. पाचएकशे वर्षांनी मोठी कोण? मग मोनालिसाला इटलीची शालभंजिका म्हणा की! शाळेच्या सहलीत बाकीची पोरं किल्ला चढायची घाई करत होती आणि मी जाळीला नाक लावून उभी. शेवटी शिपायाने दंड धरून बाजूला केलं. ती मला बघूनच हसते, हा माझा समज तेव्हापासूनचा. पुढे इतक्या खेपा झाल्या की तिकीटवाल्याला मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी वाटायचे. मी तिच्या कपाळाची मापं घेत होते हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

सर्जनने फोटो झूम करून पाहिला. "हातांचं काही करायचं नाहीये ना?"

मग त्यांनी माझ्या कवटीचा सीटी स्कॅन पडद्यावर लावला. 1980 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस ऑस्टरहाउट नावाच्या सर्जनने कवट्यांची मापं अभ्यासून ही शस्त्रक्रिया बसवली. पुरुषाच्या भुवयांवरचं हाड पुढे आलेलं असतं. त्यामागे पोकळी असते. पोकळीची पुढची भिंत काढायची, मागे सरकवायची आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी ठोकून बसवायची. माझ्या डोक्यात पोकळी आहे हे आत्या लहानपणापासून सांगत आली होती. स्कॅनने तिला दुजोरा दिला. आत्याचा विरोध मात्र कायम होता. "बालगंधर्वांनी कुठे हाडं तासली होती रे? पावडर लावली, शालू नेसले, झालं!"

विमा कंपनीचं मतही थोडंफार आत्यासारखंच. त्यांच्या लेखी हे हौसेचं काम. रोज सकाळी आरशात भलताच माणूस दाढी करताना बघायचा, याला हौस म्हणत असतील तर मला ती पस्तीस वर्षं होती. शेवटी आईने सुनेच्या दागिन्यांसाठी ठेवलेली एफडी मोडली. सून यायची होती, मुलगी आली. खर्च साधारण तेवढाच.

आईने माझं नवं नाव मान्य केलं, साडी मान्य केली. क्रियापद काही सुटेना. आलास का, जेवलास का, दमलास का. मराठीत बाईबुवा ठरवल्याशिवाय साधी चौकशीसुद्धा करता येत नाही. मी बोलत नसे. हाड तासायला सात तास लागतात, क्रियापदाला किती लागतात कोण जाणे.

दहाव्या दिवशी दिल्लीहून परत निघालो. कानापासून कानापर्यंत टाके, त्यावर शाल, जबडा भोपळ्यासारखा, डोळ्यांखाली निळं-पिवळं. शालभंजिका राहिली दूर, चंबळच्या खोऱ्यातून हाकलून दिलेला डाकू दिसत होते. समोरच्या बर्थवरची बाई आग्र्यापर्यंत बघत राहिली. मग वाकून हळूच म्हणाली, "आदमी ने मारा है?"

आदमी! म्हणजे मी कुणाची तरी बायको! सात तासांचं भूल देऊन केलेलं काम एका वाक्यात वसूल झालं. टाके नसते तर तिला मिठी मारली असती.

तो आनंद धौलपूरपर्यंतही टिकला नाही. डब्यात कुणालाच नवल वाटलं नव्हतं. बाजूच्या काकांनी पेपरचं पान उलटलं, बस. सुजलेल्या तोंडाची बाई दिसली की काय समजायचं ते सगळ्यांना पाठच होतं. तिने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि मनगटावरचा जुना वण मला दाखवला, टीसीला तिकीट दाखवावं तसा. मी शोभेसाठी पैसे मोजून तोंड सुजवून घेतलंय, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

"मायके ही ले जा रही हूँ," आई मधेच म्हणाली.

"अच्छा किया, अम्मा. थोड़े दिन रख लेना."

मोरेना आलं. गजकवाला डब्यात शिरला आणि आईने अर्धा किलो घेतली. पाव त्या बाईच्या हातात कोंबली, पाव माझ्या मांडीवर.

"आई, मला पेज गिळता येत नाही धड."

"चावायला कोण सांगतंय? चोखत बस." तिने माझी शाल टाक्यांवरून अलगद सारखी केली. "आणि आता पड जरा. दमली असशील."