अभिषेकवाले मिस्त्री

मांडव्यापासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर असे एक तरी मिस्त्री भेटतातच. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ गेला की पावसाळाभर ताडपत्रीखाली झोपलेल्या स्पीडबोटींचे मालक खडबडून जागे होतात. मिस्त्रींची सुगी सुरू होते. कानावर विडी (ती पेटलेली कुणी पाहिलेली नाही), खिशात एकच पाना आणि तोंडी एकच मंत्र, "शेठ, मी हाय ना!"

या बोटींचं आउटड्राइव्ह हे मुळात नाजूक प्रकरण. इंजिन बोटीच्या आत, पंखा बाहेर पाण्यात आणि दोघांना जोडणारा गिअरचा पाय बोटीच्या पाठीला लटकलेला. समुद्र आत येऊ नये म्हणून मध्ये रबरी भाता. या पायात गिअर ऑइल खालच्या भोकातून पंपाने चढवायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आतली हवा निघून जाते. हे सांगितलं की मिस्त्री हसतात. "देवाला अभिषेक कधी खालनं घालतात काय?" आणि बाटली वरच्या भोकाला लावतात. हवा आतच अडकते, तेल बुडबुडत बाहेर ओघळतं आणि मिस्त्री जाहीर करतात, "भरली टाकी!" बोल्टखालचे वॉशर दर वेळी नवे लागतात, मिस्त्री जुनेच पँटला पुसून बसवतात. जुनं ते सोनं. भात्याची चीर अंगठ्याने दाबून बघतात. "अजून एक सीझन काढील." बिलात मात्र वॉशरही नवे आणि भाताही नवा.

मग पाहुण्यांना खांदेरी दाखवायला निघालेली बोट किल्ला दिसायच्या आत गुरगुरू लागते. वळवली की जास्तच. भात्यातून शिरलेल्या खाऱ्या पाण्याने बेअरिंग खाल्लेलं असतं. मासेमारीची होडी तिला दोर लावून परत आणते. खालचा बोल्ट काढला की तेलाऐवजी दुधाळ चहा वाहतो. मिस्त्री तो बोटावर घेऊन हुंगतात. आधी दोष उधाणाचा, मग पेट्रोलचा, मग गिअर आदळणाऱ्या खलाशाचा आणि शेवटी, जरा अडखळत, शेठच्या साडेसातीचा.

"आता अख्खा पाय खोलाया लागंल. पण शेठ, मी हाय ना!"

तुमची बोट असेल तर सर्व्हिसिंगला समोर बसा, जुने वॉशर आणि जुना भाता हातात मागून घ्या, पहिल्या दोन-चार फेऱ्यांनंतर ऑइलचा रंग बघा. पांढरट दिसलं तर मिस्त्री बदला. दुसरा चांगला सापडला तर आम्हालाही कळवा.