लोणावळा ते लंडन : पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना दहाएक तास, येताना तासभर कमी, कारण तेव्हा वरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. एवढं पाठ करा आणि विसरून जा. मावळातल्या माणसाची खरी परीक्षा विमानतळाच्या अलीकडच्या ८० किलोमीटरांत होते. विमानाच्या वेगाने ही पाचसहा मिनिटं. ड्रायव्हरला मात्र हे सांगू नका.

आधी वार बघा. विमान मध्यरात्रीनंतरचं असेल, तर घाट संध्याकाळी उतरायचा. त्यात पावसाळ्यातला रविवार आला, तर भुशी डॅमवर भिजलेली अख्खी मुंबई तुमच्याबरोबर घरी निघालेली असते. घाटातला अमृतांजन पूल १८३० चा, २०२० मध्ये पाडला. पण गाड्या तुंबल्या की फोनवर अजूनही ‘अमृतांजनपाशी आहोत’ असंच सांगतात. नवशिक्याने हे ऐकलं की पाण्याची बाटली जपून वापरावी.

रेल्वेने गेलात, तर उतरताना गाडी मंकी हिल, ठाकुरवाडी अशी मध्येच रानात थांबेल. घाबरू नका, बिघाड नाही. ३७ मीटरला एक मीटर असा उतार आहे. गाडी ब्रेकच्या ताब्यात आहे याची खात्री झाल्याशिवाय सांधा मुख्य रुळाकडे वळत नाही. तोवर तो बाजूच्या चढावर जाऊन संपणाऱ्या रुळाकडे लावलेला असतो, सुटलेली गाडी तिथे चढून थांबावी म्हणून. अक्कल बघा! तेवढा वेळ खिडकीतून माकडं बघावीत, घड्याळ बघू नये.

आता बॅग. तिकिटावर २३ किलो लिहिलं होतं, म्हणून मी ती वाण्याकडे पोत्याच्या काट्यावर नेली. भरली २९. काढायला बसलो, तर आईने पहिल्यांदा स्वेटर बाहेर काढले. इंद्रायणीच्या पिशवीला हात लावू देईना.

“वडगावच्या भात संशोधन केंद्रात निघालेला तांदूळ आहे, तिकडे मिळणारे का?”

“अगं, तिकडे थंडी असते.”

“मग गरम भात खा.”

चिक्कीवर तर चर्चाच झाली नाही. ती माझ्या कोटाच्या खिशात निघाली, दादरला.

विमानात बसल्यावर शिकण्यासारखं फार उरत नाही. मावळ हे नाव मावळतीवरून पडलं, असं आमच्याकडे सांगतात. तुम्हीही मावळतीकडेच चाललेले असता, त्यामुळे रात्र लांबत जाते, उजाडता उजाडत नाही. उतरल्यावर घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे करा, उन्हाळ्यात साडेचार. मग लगेच घरी फोन लावा. हिवाळ्यात सकाळी सातला उतरलात, तर इथे साडेबारा वाजून गेलेले असतात आणि आई जेवायची थांबलेली असते. लंडन कसं आहे, हे ती नंतर विचारेल.

“घाटात किती वेळ गेला रे?”