लढल्याशिवाय वाट नाही

रोह्यावरून वाहत आलेली कुंडलिका नदी रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, तेथे दक्षिणेच्या भूशिरावर कोर्लईचा किल्ला उभा असून १५९४ मध्ये तो पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकून घेतला. खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत तोफेच्या टप्प्यात यावे आणि ‘कर्ताझ’, म्हणजे समुद्रात फिरण्यासाठी पोर्तुगीजांकडून पैसे मोजून घ्यावयाचा परवाना, ज्याच्यापाशी नसेल त्याला लुटणे कायदेशीर ठरावे, अशी त्या काळची व्यवस्था असल्यामुळे टोलनाक्याच्या शोधाचे श्रेय अर्वाचीन ठेकेदारांना देता येत नाही. मात्र समुद्र दुरुस्त करून देण्याचे आश्वासन पोर्तुगीजांनी कधी दिले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

‘लढल्याशिवाय येथून वाट नाही’ अशा आशयाचा पोर्तुगीज लेख या किल्ल्याच्या दरवाजावर असल्याची नोंद आढळते. हा लेख चुकीच्या जागी बसविला गेला, असे आता म्हणावे लागते, कारण दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या थेट तटापर्यंत जातात आणि वाटेत धापेखेरीज कोणी अडवीत नाही, तर पेणवरून येणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचे पळस्पे ते इंदापूर हे चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेतले गेल्यापासून खरी लढाई तेथेच चालू आहे. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षांत आटोपली आणि १७४० च्या तहाने कोर्लईही मराठ्यांकडे आला, हे खरे असले तरी त्या मोहिमेत निविदा काढावयाच्या नव्हत्या.

पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजांपासून उद्भवलेली बोली आजही घरात बोलतात. किल्ल्यावरील कोणत्याही अवशेषापेक्षा ही बोली अधिक धडधाकट आहे. पण तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढता येत नसल्याने पर्यटक तिच्याकडे फिरकत नाहीत.

मराठ्यांनी किल्ला घेतल्यावर सां फ्रान्सिस्को बुरुजाचे नाव ‘गणेश’ असे ठेवले. नामांतराची ही परंपरा पुढील पिढ्यांनी अधिक नेटाने चालविली असून, पूर्वी बुरुजापुरते मर्यादित असलेले हे कार्य आता प्रत्येक चिऱ्यापर्यंत, म्हणजे घडीव दगडापर्यंत, पोहोचले आहे. बदामाच्या आकृतीत बसविलेल्या या जोडनावांची सनद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. तथापि मोडी पत्रांवर पुष्कळदा न आढळणारी पूर्ण तारीख लिहिण्याची शिस्त कोरणाऱ्यांनी कटाक्षाने पाळली असल्याने, कालनिर्णयाच्या बाबतीत भावी संशोधकांना तक्रारीस जागा राहणार नाही.